काचेची आतली बाजू

तिरुवैयारूला रघुपतीच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. पंगत उठली होती. पानावरचं पायसम पुरलं नाही म्हणून सीतारामरावांनी ते वाटीत मागून घेतलं आणि वाटी घेऊन ते ओसरीकडच्या खिडकीपाशी उभे राहिले. खिडकीत काचेवर रंगवलेला कृष्ण बसवला होता, गुबगुबीत, हातात लोण्याचा गोळा. बाहेरचं ऊन त्याच्या पाठीतून आत येत होतं, त्यामुळे त्याचं निळं पोट कंदिलासारखं उजळलं होतं. सीतारामरावांनी पाहिलं आणि सवयीनं बोलून गेले, "अरे रघू, तुझ्या सुतारानं काच उलटी बसवलीय की! देवाचं तोंड घरात, रंग सगळा बाहेर!" रघुपती त्यांच्या बहिणीचा मुलगा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण मामांना उलट बोलताना अजून शाळकरीच. तो म्हणाला, "उलटी कशी, मामा? देव काय रस्त्याला दाखवायला बसवलाय कां? आमच्याकडं बघाया बसवलाय." आजूबाजूच्या बायका हसल्या. सीतारामरावही हसले, आणि हसताहसताच थांबले. वाटी त्यांनी कुठे ठेवली ते पुढे त्यांना काही केल्या आठवलं नाही. त्यांना एका बाईचा आवाज ऐकू येत होता, सात वर्षांपूर्वीचा, कोर्टातल्या पंख्याच्या खडखडाटातून आलेला. सामी माझ्याकडं बघत होते, असं ती देवाबद्दल म्हणाली होती. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि बघता बघता त्यांची छाती फुटली.

कुणाला काही न सांगता ते बाहेर पडले आणि तंजावूरच्या बसमध्ये चढले. खिडकीतून कालवा, भाताचे वाफे, मोपेडवर केळीची पानं लादून चाललेला माणूस, सगळं रोजच्यासारखं सरकत होतं, आणि त्या रोजच्यासारखेपणाचाच त्यांना संताप आला. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत एकच काम केलं होतं. वेगानं सुटलेली गोळी कशावर आदळली तर काय होतं, ते बघायचं आणि लिहून द्यायचं. केळीच्या खांबावर मारली तर भोक जवळजवळ मिटून जातं, नुसतं पाणी झिरपतं, आतल्या चिंध्या खांब चिरल्यावर दिसतात. ओल्या चिकणमातीवर मारली तर आत मडक्याएवढी पोकळी होते. पत्र्याच्या कडा गोळी जाईल तिकडे वळतात. चुन्याची भिंत भुगा ओकते. आणि काच! काचेत गोळी शिरते त्या बाजूला भोक लहान, नीटस. निघते त्या बाजूला टवके उडून वाटीएवढा खळगा. खळगा जिकडे, तिकडे गोळी गेली. इतकं सोपं. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं सोपं. फक्त काचेची कुठली बाजू घराच्या आत होती आणि कुठली बाहेर, एवढं माहीत पाहिजे. एवढंच माहीत पाहिजे, सीतारामराव, आणि तेवढंच तुम्ही विचारलं नाहीत. शेजारच्या माणसानं वळून पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की आपण मोठ्यानं बोललो.

प्रकरण वैद्यनाथाचं होतं. कोळ्ळिडमच्या काठी त्याचं गाव, चार एकर भात, दारात नारळ. नदीतली वाळू रात्रंदिवस उपसून नेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉऱ्या त्यानं गावकऱ्यांना घेऊन अडवल्या. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कंत्राटदाराची माणसं त्याच्या घरासमोर आली, आरडाओरडा झाला, आणि मणी नावाचा त्यांचाच एक लॉरी-ड्रायव्हर छातीत गोळी लागून रस्त्यात मेला. गावानं सांगितलं, दोन बार ऐकले, दोन्ही रस्त्यावरून झाले. एक खिडकीतून घरात आला आणि मागचं दार उघडं होतं त्यातून पार गेला. दुसरा त्यांचा त्यांनाच लागला, घाईत, गडबडीत. कंत्राटदाराच्या माणसांनी सांगितलं, बार एकच झाला, वैद्यनाथानं घरातून खिडकीच्या काचेतून झाडला, आणि तोच मणीला लागला. गावाचं कोण ऐकतो! गाव वैद्यनाथाचं. आता काय ते काच सांगेल, असं तपास करणारा अधिकारी म्हणाला, आणि ती काच वर्तमानपत्रात गुंडाळून, साबणाच्या खोक्यात घालून सीतारामरावांच्या टेबलावर आली. चौकटीतून काढताना हवालदारानं तिचे दोन तुकडे केले होते ते वेगळंच. कुठली बाजू आत, कुठली बाहेर, त्याची खूण करायचा नियम होता. खूण नव्हती.

काचेवर कृष्ण होता. छातीच्या जागी भोक. सीतारामरावांनी ती उजेडाकडे धरली आणि त्यांना, देवाशपथ, आनंद झाला. कारण काचेवरचे देव हा त्यांच्या घरचा धंदा. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या बाबांनी जन्मभर काचेमागून देव रंगवले. आधी डोळे, दागिने, मग वस्त्रं, सगळ्यात शेवटी मागचा पडदा, म्हणजे कागदावर काढतात त्याच्या बरोब्बर उलट क्रम. रंग ज्या बाजूला, ती चित्राची पाठ. बघायचं दुसऱ्या बाजूनं, गुळगुळीत बाजूनं. बाबांच्या घराच्या तिन्ही खिडक्यांत देव होते आणि तिघांचीही तोंडं गल्लीकडे, कारण तीच त्यांची दुकानाची पाटी. येणाऱ्याजाणाऱ्यानं हात जोडावेत, आणि जमलं तर आत येऊन एखादं चित्र सांगून जावं. लहानपणी सीतारामरावांना घरात बसून देवाची फक्त पाठ दिसायची, खरखरीत, रंगाचे थर वाळलेली. खिडकीतल्या देवाची पाठ घरात असते, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती त्यांना श्वासासारखी माहीत होती. म्हणून नमुन्याच्या रकान्यात, जिथे 'घटनास्थळी केलेल्या खुणेप्रमाणे' असं छापलं होतं तिथे, त्यांनी एका दमात लिहून टाकलं: आतली बाजू, रंगाची. खळगा गुळगुळीत बाजूला होता. म्हणजे गोळी आतून बाहेर गेली. म्हणजे वैद्यनाथानं झाडली. झालं. अर्ध्या तासाचं काम. वा रे तज्ज्ञ! दुसरा कुणी असता, काचेवरच्या चित्रातलं ओ का ठो न कळणारा कुणी मदुरैचा किंवा कोइंबतूरचा साधा माणूस असता, तर गोंधळला असता, त्यानं गावात फोन लावून विचारलं असतं, बाबांनो, देवाचं तोंड कुणीकडे होतं? हा कशाला विचारेल! ह्याचा बाप चित्रकार!

बस राजवाड्यापाशी थांबली तरी ते उतरले नाहीत, पुढच्या थांब्यावर उतरून परत चालत आले, उन्हातून, मुद्दाम. डोक्यात एकामागून एक गोष्टी उघडत होत्या आणि प्रत्येक गोष्टीत ते स्वतःच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, शहाणपणाचा आव आणून. मणीच्या सदऱ्यावर काचेचा एक कणही सापडला नव्हता. काचेतून निघालेली गोळी आपल्यासोबत काचेचा शिंतोडा घेऊन जाते, तो माणूस तर सात पावलांवर उभा होता. वैद्यनाथाच्या वकिलानं हे विचारलं तेव्हा सीतारामराव म्हणाले होते, वारा असेल, अंतर असेल, कपडे हाताळताना झटकले गेले असतील. असेल, असेल, असेल! भोक इतकं नीटस होतं, भोवती तडे इतके कमी, की गोळी चांगल्या रायफलची, सेकंदाला सात-आठशे मीटर वेगाची, हेही त्यांनीच लिहिलं होतं. गावठी बंदुकीनं अर्धी काच खाली आली असती. मग चार एकरवाल्याकडे रायफल कुठून आली? कालव्यात फेकली म्हणे. तीन दिवस कालवा शोधला, सापडली नाही, तरी फेकलीच म्हणे, कारण काच सांगते ना! सगळ्या शंका त्यांच्या एका वाक्यावर येऊन गप्प बसल्या आणि वैद्यनाथ तुरुंगात गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी यांनी घडवली, मन लावून. वर शाबासकी. अधिकाऱ्यानं घरी मिठाई पाठवली. निवृत्तीनंतर नव्या पोरांना शिकवायला बोलावत, तिथे ते याच काचेचा फोटो पडद्यावर दाखवायचे आणि विचारायचे, सांगा, आतली बाजू कुठली? पोरं चुकायची. मग हे हसून सांगायचे, तंजावूरला जन्मावं लागतं. सहा वर्षं दाखवला तो फोटो. कपाळ!

आणि कोर्टातली ती बाई, वैद्यनाथाची बायको अंबा. ती पिंजऱ्यात उभी राहून सांगत होती की सामी माझ्याकडं बघत होते, चुलीवर पाणी ठेवून मी रोजच्यासारखे हात जोडले होते. न्यायाधीश म्हणाले, देवाचं राहू द्या, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. ती म्हणाली, तेच सांगतेय. सरकारी वकील हसला. आपली साक्ष संपवून मागच्या बाकावर बसलेले सीतारामरावही हसले, फार नाही, ओठांच्या कोपऱ्यातून, बिचारीची श्रद्धा बघून. बिचारी! ती भूमितीसारखं स्वच्छ बोलत होती. घरात उभ्या असलेल्या बाईला देवाचे डोळे दिसत होते, म्हणजे गुळगुळीत बाजू घरात होती, म्हणजे खळगा घरात होता, म्हणजे गोळी घरात आली. अख्ख्या कोर्टात तिचं म्हणणं कळण्याची अक्कल एकाच माणसाला होती, आणि तो माणूस गालातल्या गालात हसत बसला होता.

घरी आल्यावर बायकोनं, भागीरथीनं विचारलं, "हे काय, एवढ्यात? प्रसादाचा डबा कोठें?" त्यांनी तिला सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, चप्पलही न काढता. भागीरथी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तिला दोनदा सांगावं लागत नसे. ती पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पण तो रघूचा कृष्ण. ह्या माणसाच्या घरी कसा होता, तुम्ही थोडाच पाहिलाय?"

"ती बाई सांगत होती!"

"सात वर्षं झाली. आतां कोणाला कळणार आहे? तुम्ही दिलेले बाकीचे रिपोर्ट आहेत, दीडदोनशे. अस्के, एकूण एक उकरून काढतील लोक. पेपरात नांव येईल. पोरीच्या, हरिप्रियाच्या सासरी..."

"कोणाला कळणार आहे?" सीतारामराव ओरडले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या जोरात ते कधी ओरडले नव्हते. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "मला कळलंय की! मी कोणीच नाही काय? एक माणूस सात वर्षं आत सडतोय, आणि तुला सासर सुचतंय!"

"माझ्यावर कां ओरडता? रिपोर्ट मी लिहिला काय?" भागीरथी उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज त्यांच्याहून चढला. "एक फोन केला असता! बसल्या जागेवरून एक फोन! इथं भाजी आणायची तर चारदा फोन करून विचारता, दुधी आणूं की पडवळ!" आणि आत जाऊन तिनं भांडी आपटायला सुरुवात केली. सीतारामरावांना तिचा राग आला नाही. ती खरं तेच बोलली होती, आणि त्याचाच त्यांना राग आला. रात्री त्यांनी ताक घेतलं नाही, औषध घेतलं नाही. सकाळी पहिल्या बसनं ते निघाले. भागीरथीनं पाण्याची बाटली पिशवीत घातली.

गावात घर विचारावं लागलं नाही. वैद्यनाथाचं म्हटल्यावर चहाच्या टपरीवरच्या माणसानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि नुसती मान वळवून दाखवलं. खोल ओसरी, तिच्यावर कौलांची इतकी लांब वळचण की खिडकीपर्यंत पावसाचा थेंब यायचा नाही. म्हणजे रंग बाहेर ठेवला तरी भिजण्याची भीती नव्हती. एवढं तर ओसरीत पाऊल ठेवताच दिसत होतं, कुणालाही, दोन मिनिटांत! खिडकीत काच नव्हती, फळी ठोकलेली होती. ओसरीच्या कट्ट्यावर वैद्यनाथाची आई शेषम्मा बसली होती. ऐकायला कमी येत असावं, तिनं फक्त हात कपाळावर धरून त्यांच्याकडे पाहिलं. अंबा आतून आली, हात पिठाचे. तिनं त्यांना लगेच ओळखलं. बसा म्हणाली नाही.

"काय पाहिजे?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"एक विचारायचं आहे," तेही तमिळमध्येच म्हणाले. "त्या खिडकीतला कृष्ण... त्याचं तोंड कुणीकडे होतं?"

अंबा वळून आत गेली आणि ते आपसूक तिच्यामागून गेले. खिडकीच्या समोर, जरा बाजूला चुलीची जागा, आणि खिडकीच्या सरळ रेषेत मागचं उघडं दार, त्यापलीकडे नारळ. तिनं बोट दाखवलं. "इथं मी उभी. तिथं सामी. तोंड इकडं. सूर्य मागून यायचा." त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. काच अडकवायच्या पट्टीचे खिळे आतून मारलेले होते, आणि आतल्या कडेला एका जागी काच बसवायची जुनी लांबी चिकटून होती, तिच्यावर गुळगुळीत काचेचा कोरा ठसा, रंगाचा मागमूस नाही. बाहेरच्या कडेला निळा रंग लागला होता, नखाएवढा. तो सात वर्षं तिथेच होता.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी उलटं लिहिलं."

अंबानं पीठ पदराला पुसलं, फडताळातून मोबाइल काढला आणि वकिलाला लावला. मुरलीकृष्ण, तिच्या नवऱ्याचं अपील चालवणारा, मद्रासच्या हायकोर्टात सुनावणी पंधरा दिवसांवर. तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला. ऐकून मुरलीकृष्ण आधी खूश झाला, मग एकदम मवाळ. "सार, फार मोठं मन आहे तुमचं. आपण असं करू. चूक वगैरे शब्द नको. तुमच्या इतर केसेस आहेत, उगाच त्रास होईल. लिहू या की मधल्या काळात नवं तंत्र आलं, नव्या पद्धतीनं पाहिल्यावर निष्कर्ष बदलला. कोर्टालाही बरं वाटतं, तुमचंही नाव राहतं."

"कसलं डोंबलाचं तंत्र!" सीतारामराव फोनवर वाकून ओरडले, मराठीतच, मग तमिळमध्ये. "काचेचं शास्त्र तेव्हा होतं तेच आज आहे! मी विचारलं नाही, मी बाजू मनानं लिहिली, मणीच्या सदऱ्यावर काच नव्हती तरी दडपून नेलं. असंच जाईल कोर्टात. एक अक्षर बदललंत तर मी स्वतः जाऊन उभा राहीन."

"सार, मग बाकीच्या केसेस..."

"बघतील. उघडू देत. त्यांत आणखी कोणी असेल तर?" हे बोलल्यावर त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. दीडदोनशे रिपोर्ट, त्यांतलं आपण काय काय श्वासासारखं माहीत म्हणून लिहिलं, कुणाला ठाऊक! पण बोललेलं त्यांनी मागे घेतलं नाही.

अंबानं मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडून आणलं. ते कट्ट्यावर, शेषम्माच्या शेजारी बसून लिहीत गेले, तमिळमध्ये, साध्या शब्दांत. आतली बाजू गुळगुळीत होती, गोळी बाहेरून आत आली, आधीचा निष्कर्ष चुकीचा, कारण मी घटनास्थळ पाहिलं नाही आणि घरच्यांना विचारलं नाही. वैद्यनाथाच्या बायकोनं हे कोर्टात सांगितलं होतं, मी ऐकलं, लक्ष दिलं नाही. पान भरलं. अंबानं ते हातातून काढून घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचलं, ओठ हलवत, दोनदा. शेवटच्या ओळीशी तिचं बोट थांबलं. वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"खोली रिकामी दिसली न् तुम्हाला? एक देव नाही. मीच अस्के कालव्यात टाकले," ती म्हणाली, आता तमिळ सोडून त्यांच्याच मराठीत. आवाज रडका नव्हता. "मी खरं सांगितलं तरी माझा नवरा आत गेला, म्हणून. सात वर्षं मी त्या कृष्णाला शिव्या दिल्या. सकाळी उठून दिल्या. मुलीदेखत दिल्या. त्या तुमच्या होत्या."

सीतारामरावांनी मान खाली घातली. "मग आता द्या," ते म्हणाले. "बसलोय मी. अस्क्या द्या."

अंबानं कागद त्यांच्यापुढे आपटला आणि पेन त्यांच्या बोटांत खुपसलं.

"आधी सही करा," ती म्हणाली.